रॉन डेनचे सातशे अठ्ठावीस यार्ड

१७ डिसेंबर २०१६, लास वेगास. सॅन डिएगो स्टेट विद्यापीठाचा डोनेल पम्फ्री ह्यूस्टन विद्यापीठाविरुद्ध ११५ यार्ड धावला आणि त्याच्या चार वर्षांच्या कारकिर्दीची बेरीज ६,४०५ यार्डांवर पोहोचली. अमेरिकेच्या महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च विभागात एवढे यार्ड आजवर कोणीही धावले नव्हते, असे त्या दिवशी जाहीर झाले. मागे पडलेला आकडा होता ६,३९७. तो विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या रॉन डेनने १९९९ साली नोंदवलेला होता.

विस्कॉन्सिनच्या मॅडिसन शहरात मात्र निराळाच आकडा लोकांच्या तोंडी होता : ७,१२५. विद्यापीठाच्या स्वतःच्या नोंदवहीत डेनच्या नावापुढे तोच छापलेला असतो. माणूस एक, कारकीर्द एक आणि बेरजा दोन. दोहोंत फरक ७२८ यार्डांचा. हे यार्ड कोणी कल्पनेने वाढवलेले नाहीत. ते भरलेल्या मैदानांवर, पंचांच्या देखत, दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर धावले गेले. तरीही देशाच्या अधिकृत हिशेबात त्यांना जागा नाही. असे का झाले, हे समजण्यासाठी या एका संघाच्या नोंदवहीची पाने मागून पुढे चाळावी लागतात.

प्रथम खेळाविषयी थोडे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. चेंडू हवेत फेकून पुढे न्यावा किंवा हातात धरून धावत न्यावा. धावणाऱ्या मुख्य खेळाडूला 'रनिंग बॅक' म्हणतात. प्रयत्न जेथून सुरू झाला तेथपासून तो पडला तेथपर्यंतचे अंतर यार्डांत मोजून त्याच्या खात्यात जमा होते, मागे रेटला गेल्यास वजा होते. सामना संपला की खात्याची बेरीज होते, हंगाम संपला की बेरजांची बेरीज. क्रिकेटमधील फलंदाजाच्या धावांसारखाच हा हिशेब आहे. आणि क्रिकेटप्रमाणेच येथेही खरा वाद धावांचा नसतो, कोणता सामना अधिकृत मानायचा याचा असतो.

विस्कॉन्सिनच्या फुटबॉलचा आरंभ एकोणिसाव्या शतकातला. त्या काळात हिशेब ठेवणारी कोणतीही राष्ट्रीय यंत्रणा नव्हती. होती ती वृत्तपत्रे, आणि प्रेक्षकांची स्मरणशक्ती. या काळातील संघाचा सर्वांत गाजलेला खेळाडू पॅट ओडे हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. चेंडूला पाय लावण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, असे म्हणताना शब्दांची गंमत होते, पण वस्तुस्थिती तशीच होती. १८९८ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाविरुद्ध, बर्फाच्या वादळात, त्याने ६२ यार्डांवरून 'ड्रॉप किक' मारून गोल केला, अशी कथा आहे. पुढे १९१७ च्या सुमारास हा माणूस एकाएकी नाहीसा झाला. तो मेला असेच सर्वांनी धरले. १९३४ साली तो कॅलिफोर्नियात सापडला. चार्ल्स मिचेल या नावाने शांतपणे संसार करत होता. ओडेच्या किकांची अंतरे आजही पुस्तकांत वाचायला मिळतात, परंतु ती आख्यायिकांच्या कपाटातली. मोजपट्टी धरणारा अधिकृत माणूस तेथे नव्हता.

तो माणूस आला १९३७ मध्ये. त्या वर्षापासून देशभरातील महाविद्यालयीन सामन्यांची वैयक्तिक आकडेवारी एका पद्धतीने गोळा होऊ लागली, आणि एनसीएए, म्हणजे महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे नियमन करणारी राष्ट्रीय संस्था, आपल्या विक्रमांची गणना तेथूनच सुरू करते. पहिल्या वर्षी धावण्यात देशात अग्रस्थानी होता कोलोरॅडोचा बायरन व्हाइट. हाच पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला. १९३७ च्या आधीचे सारे, मग तो रेड ग्रेंज असो वा जिम थॉर्प, अधिकृत यादीच्या दाराबाहेर राहिले.

या हिशेबात एक अट पहिल्यापासून होती. धरायचे ते फक्त नियमित हंगामातील सामने. हंगाम संपल्यावर निवडक संघांना निमंत्रण देऊन खेळवले जाणारे 'बाउल' सामने मोजायचे नाहीत.

आज ही अट विचित्र वाटते, कारण खेळाडूंच्या दृष्टीने बाउल हाच वर्षातला सर्वांत मोठा दिवस असतो. परंतु तेव्हा तिच्यामागे न्यायबुद्धी होती. बाउल सामने मोजके होते आणि निमंत्रण मिळणे केवळ गुणवत्तेवर अवलंबून नव्हते. विस्कॉन्सिन ज्या 'बिग टेन' या गटात खेळते, त्या गटाचा नियमच असा होता की वर्षाला एकाच संघाने, तोही केवळ रोझ बाउलसाठी, जावे. हे बंधन १९७५ च्या हंगामात सुटले. १९७२ पर्यंत तर एकाच संघाने लागोपाठ दोन वर्षे तेथे जाण्यासही मनाई होती. अशा परिस्थितीत बाउलचे यार्ड मोजले असते तर एकाच ताकदीच्या दोन खेळाडूंपैकी एकाला फुकट एक सामना अधिक मिळाला असता. म्हणून तो सामना सन्मानाचा मानला गेला, हिशेबाचा नव्हे.

या अटीचा पहिला ठळक फटका विस्कॉन्सिनला बसला तो अ‍ॅलन अमीचीच्या वेळी. एरवी त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळू देत नसत. कोरियन युद्धामुळे खेळाडूंची चणचण भासली म्हणून १९५१ मध्ये ही बंदी सैल झाली आणि अमीचीला तीनऐवजी चार हंगाम मिळाले. १९५४ अखेर त्याच्या नावावर ३,२१२ यार्ड होते. तो तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम होता, आणि देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला मिळणारा हाइझमन करंडकही त्याच वर्षी त्याला मिळाला. जानेवारी १९५३ च्या रोझ बाउलमध्ये सदर्न कॅलिफोर्नियाविरुद्ध तो १३३ यार्ड धावला होता. ते धरले तर बेरीज ३,३४५ होते. अर्थात तेव्हा कोणी कुरकुर केली नसावी, कारण विक्रम दोन्ही हिशेबांनी त्याचाच होता. नियमाचा काटा टोचतो तो दोन हिशेबांची उत्तरे वेगळी निघाली की.

१ जानेवारी १९६३ रोजी विस्कॉन्सिन पुन्हा रोझ बाउलला गेले. देशातील पहिल्या क्रमांकाचा संघ सदर्न कॅलिफोर्निया, दुसऱ्या क्रमांकाचा विस्कॉन्सिन. शेवटच्या सत्रात विस्कॉन्सिन ४२-१४ असे मागे होते. मग पॅसाडिनाच्या मावळत्या उजेडात क्वार्टरबॅक रॉन व्हँडरकेलनने फेकीमागून फेकी अशा काही टाकल्या की सामना ४२-३७ वर येऊन थांबला. पराभव झाला, परंतु त्या खेळाचे नाव निघाले की लोक आजही हरलेल्या संघाचीच आठवण काढतात. व्हँडरकेलनच्या फेकी त्या दिवशी ४०१ यार्डांच्या झाल्या. त्यातले ११ झेल आणि १६३ यार्ड पॅट रिक्टरचे. एनसीएएच्या हंगामी आकडेवारीत या दोघांच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या दुपारचा मागमूस नाही.

रिक्टरचे नाव लक्षात ठेवावे, ते पुढे येणार आहे.

सत्तरच्या दशकात बिली मारेकने अमीचीला मागे टाकून ३,७०९ यार्ड केले. त्याच्या संघाने १९७४ मध्ये सात सामने जिंकले, चार गमावले, आणि बिग टेनच्या एकसंघी नियमामुळे कोठेही न जाता घरी बसला. मारेकच्या बाबतीत दोन बेरजा नाहीतच. बाउल न मोजण्याच्या नियमाची बाजू मांडायची असेल तर मारेकइतका चांगला साक्षीदार मिळणार नाही.

त्यानंतर संघ रसातळाला गेला. १९८९ मध्ये विद्यापीठाने क्रीडासंचालक नेमला तो पॅट रिक्टर. रिक्टरने बॅरी अल्वारेझ या प्रशिक्षकाला आणले. अल्वारेझच्या पहिल्या हंगामात संघाने अकरापैकी दहा सामने गमावले. चौथ्या हंगामाअखेर, १ जानेवारी १९९४ रोजी, विस्कॉन्सिनने इतिहासात प्रथमच रोझ बाउल जिंकला. १९९६ मध्ये न्यू जर्सीच्या बर्लिन गावातून एक मुलगा मॅडिसनला आला. वजन एकशे दहा किलोंच्या वर, अंगावर ३३ क्रमांक. एवढ्या देहाच्या मुलाला बहुतेक प्रशिक्षक दुसऱ्यासाठी वाट मोकळी करण्याच्या कामाला लावतात. अल्वारेझने चेंडू त्याच्याच हाती दिला.

रॉन डेनचा पहिला हंगाम नियमाचा वेडेपणा जितका उघड करतो तितका दुसरा कोणताही करत नाही. ३० नोव्हेंबर १९९६ रोजी होनोलुलूत हवाई विद्यापीठाविरुद्ध तो ३३९ यार्ड धावला. हवाईला जाऊन खेळणाऱ्या संघाला हंगामात नेहमीपेक्षा एक सामना अधिक घेण्याची सवलत होती, आणि तो सामना नियमित हंगामाचा भाग धरला जाई. म्हणून ३३९ जमा. चार आठवड्यांनी अ‍ॅरिझोनातील कॉपर बाउलमध्ये युटा विद्यापीठाविरुद्ध तो २४६ यार्ड धावला. हा बाउल, म्हणून शून्य जमा. अधिकृत हंगाम १,८६३. प्रत्यक्षात धावलेला हंगाम २,१०९.

पुढील वर्षी १,४२१ यार्ड आणि बाउलमध्ये जॉर्जियाविरुद्ध केवळ ३६. त्या दिवशी संघाचा धुव्वा उडाला. त्यापुढील वर्षी १,२७९ आणि रोझ बाउलमध्ये यूसीएलएविरुद्ध पुन्हा २४६, चार टचडाउनसह. अखेरच्या वर्षी १,८३४ आणि रोझ बाउलमध्ये स्टॅनफर्डविरुद्ध २००. हंगामांची बेरीज ६,३९७. बाउलांची बेरीज २४६, ३६, २४६, २०० मिळून ७२८. वाचकांनी कागदावर मांडून पाहावे. संपूर्ण वाद या दोन ओळींत मावतो.

परंतु डेन खेळत असताना हा वाद नव्हताच, कारण सर्वांना एकच फूटपट्टी लागू होती. डेनच्या आधी टेक्सासचा रिकी विल्यम्स ६,२७९ वर होता, त्याच्या आधी पिट्सबर्गचा टोनी डॉर्सेट ६,०८२ वर. दोघांचेही बाउल वगळलेले. १३ नोव्हेंबर १९९९ रोजी मॅडिसनच्या कॅम्प रँडल मैदानावर आयोवाविरुद्ध डेनला ९९ यार्ड हवे होते. यादवी युद्धात सैनिकांची छावणी असलेल्या जागेवर उभे असलेले हे मैदान त्या दिवशी त्याचे नाव व ३३ क्रमांक छापलेल्या पांढऱ्या टॉवेलांनी भरून गेले होते. दुसऱ्या सत्रात ३१ यार्डांच्या एका धावेने त्याने विल्यम्सला ओलांडले, आणि दिवसअखेर त्याच्या खात्यात २१६ यार्ड होते. त्या विजयाने बिग टेनचे अजिंक्यपद आणि रोझ बाउल निश्चित होण्याची वाटही मोकळी झाली. हाइझमन करंडक त्याच वर्षी त्याला मिळाला.

त्या दिवशी विद्यापीठाचा क्रीडासंचालक रिक्टरच होता. ज्याच्या स्वतःच्या सर्वोत्तम दिवसाची नोंद झाली नाही, त्याच्याच कारकिर्दीत संघाला राष्ट्रीय विक्रम मिळाला.

मग २००२ उजाडले. बाउल सामन्यांची संख्या बरीच वाढली होती. बऱ्यापैकी खेळणाऱ्या प्रत्येक संघाला कोठले ना कोठले निमंत्रण मिळू लागले होते. जुन्या अटीचे मूळ कारणच विरघळले होते. एनसीएएने ठरवले की या वर्षापासून बाउलमधील आकडेही हंगामाच्या व कारकिर्दीच्या बेरजेत धरावेत. निर्णय योग्यच होता. पण तो पुढच्यासाठी होता. मागची पाने उघडायची नाहीत, असेही त्याच निर्णयात होते.

येथे फूटपट्टी बदलली. मोजलेल्या वस्तू मात्र एकाच यादीत राहिल्या.

पहिला परिणाम दोन वर्षांत दिसला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने एका हंगामात सर्वाधिक यार्ड धावण्याचा विक्रम डेनच्या १,८६३ चा होता. २००४ मध्ये ओक्लाहोमाच्या अ‍ॅड्रियन पीटरसनने १,९२५ यार्ड करून तो मोडला. त्यातले ८२ यार्ड ऑरेंज बाउलचे. ते काढले तर १,८४३ उरतात, म्हणजे डेनपेक्षा २० कमी. २०१७ मध्ये विस्कॉन्सिनच्याच जोनाथन टेलरने १,९७७ करून पीटरसनला मागे टाकले. त्यातले १३० ऑरेंज बाउलचे, आणि ते काढले तर उरतात १,८४७. म्हणजे डेनचा १,८६३ हा आकडा दोनदा मोडला गेला, आणि दोन्ही वेळा बाउलच्या जोरावर. शिवाय डेनचा बाउल धरला तर २,१०९ पर्यंत या दोघांपैकी कोणीच पोहोचलेले नाही. टेलरची गंमत अशी की त्याने विक्रम घरी परत आणला, पण ज्याच्याकडून तो न्याय्यपणे कधी गेलाच नव्हता त्याच्याच घरी.

मग आला पम्फ्री. डेनपेक्षा कितीतरी लहान देह, वजन सुमारे ८० किलो. चार वर्षे एकही हंगाम वाया न घालवता तो खेळला. प्रत्येक वर्षी त्याचा संघ बाउलला गेला आणि चारही बाउलांचे यार्ड जमा झाले. शेवटच्या सामन्याआधी तो ६,२९० वर होता. लास वेगासमधील ११५ वगळा, की तो डेनच्या अधिकृत आकड्याच्याही १०७ मागे राहतो. आधीचे तीन बाउल तर अजून वजा केलेलेच नाहीत.

यात पम्फ्रीचा दोष शोधणे अन्यायाचे होईल. जो नियम त्याच्या हयातीत लागू होता त्यानुसारच तो खेळला, आणि चौपन्न सामने टिकून राहणे हे त्या आकाराच्या खेळाडूसाठी लहान काम नव्हे. दोष असलाच तर तो मांडणीचा आहे. दोन निराळ्या पद्धतींनी मोजलेल्या संख्या एकाखाली एक लिहिल्या, मध्ये रेघही ओढली नाही, आणि वाचणाऱ्याने त्यांची तुलना करावी अशी अपेक्षा धरली.

जुनी पाने का उघडली नाहीत, यालाही उत्तर आहे आणि ते उडवून लावण्यासारखे नाही. डेनचे चार बाउल सहज सापडतात, कारण तो डेन होता. पण १९३७ पासून ६५ वर्षांत हजारो खेळाडूंनी बाउल खेळले. त्या प्रत्येकाच्या बेरजा बदलल्या असत्या, अनेक हंगामांतील अग्रक्रम उलटेपालटे झाले असते आणि मारेकसारख्यांवर नवा अन्याय झाला असता, कारण त्यांना बाउल खेळण्याची संधीच नाकारली गेली होती. एक खाते दुरुस्त करताना शंभर खाती बिघडतात ही भीती खरी आहे. तरीही दोन स्तंभ शेजारी शेजारी छापायला कोणाचा विरोध असावा? विस्कॉन्सिनने निदान आपल्यापुरता मार्ग निवडला. त्यांच्या यादीत डेन ७,१२५ वर आहे, आणि त्याखाली टेलर ६,१७४ वर. टेलरने हे यार्ड अवघ्या तीन वर्षांत धावून व्यावसायिक फुटबॉलची वाट धरली. राष्ट्रीय यादी धरली तर तो डेनपेक्षा २२३ यार्डांनी मागे, घरची यादी धरली तर ९५१ नी.

एका सामन्याचे विक्रम या भानगडीतून बहुतांशी सुटतात. १५ नोव्हेंबर २०१४ रोजी विस्कॉन्सिनचा मेल्विन गॉर्डन नेब्रास्काविरुद्ध पडत्या बर्फात २५ धावांत ४०८ यार्ड पळाला, तोही फक्त तीन सत्रांत. शेवटच्या सत्रात त्याला बसवून ठेवले. हा राष्ट्रीय विक्रम बरोबर एक आठवडा टिकला. २२ नोव्हेंबरला ओक्लाहोमाच्या समाजे पेराइनने ४२७ केले. चोख व्यवहार, तक्रारीला जागा नाही.

उलट हंगामाच्या विक्रमात २००२ चा नियम विस्कॉन्सिनच्याही बाजूने फिरला आहे, हे मॅडिसनकरांनी मान्य करायला हवे. १९८८ मध्ये ओक्लाहोमा स्टेटच्या बॅरी सँडर्सने अकरा सामन्यांत ३९ टचडाउन केले. हॉलिडे बाउलमध्ये वायोमिंगविरुद्ध आणखी पाच केले, ते धरले गेले नाहीत. २०११ मध्ये विस्कॉन्सिनच्या माँटी बॉलने चौदा सामन्यांत, रोझ बाउल धरून, ३९ टचडाउन केले, आणि नोंदवहीत दोघे बरोबरीत आहेत. एक सामना वजा केलेला माणूस आणि तीन सामने अधिक खेळलेला माणूस एकाच ओळीत उभे आहेत.

सँडर्सच्या त्या हंगामाचे यार्ड होते २,६२८. गॉर्डन २०१४ मध्ये बाउलसह चौदा सामने खेळून २,५८७ पर्यंत गेला, ४१ यार्ड कमी पडले. २०२४ मध्ये बॉईसी स्टेटचा अ‍ॅश्टन जेंटी तसेच चौदा सामने खेळला. ३१ डिसेंबरच्या फिएस्टा बाउलमध्ये पेन स्टेटने त्याला १०४ वर रोखले, आणि तो २,६०१ वर थांबला. सत्तावीस यार्ड आणखी मिळाले असते तर अधिकृत विक्रमाची बरोबरी झाली असती. हॉलिडे बाउलमध्ये सँडर्स धावला होता २२२ यार्ड.